गावची विहीर आणि टी. सी. एल.

ग्रामीण महाराष्ट्रात वाडीवस्तीपर्यंत पोहोचलेल्या ज्या थोड्या रासायनिक वस्तू आहेत, त्यांत टी. सी. एल. या पांढऱ्या भुकटीचा उल्लेख प्रथम करावा लागेल. ग्रामपंचायतीच्या कोठीत तिची पोती असतात. मासिक सभेत तिच्या खरेदीचे देयक मंजूर होते. पावसाळा तोंडावर आला की आरोग्य विभागाकडून तिच्यासंबंधीची पत्रे येऊ लागतात, आणि गावात गॅस्ट्रोची साथ उद्भवली म्हणजे "विहिरीत टी. सी. एल. टाकले होते काय?" हाच प्रश्न सर्वांआधी विचारला जातो. असे असूनही ही भुकटी म्हणजे नेमके काय, ती पाण्यात पडल्यावर काय करते आणि किती टाकली असता पुरते, याची उकल क्वचितच कोणी करून सांगतो. परिणामी काही गावांत ती काठावर उभे राहून मूठमूठ भिरकावली जाते, तर काही गावांत वासाच्या तक्रारीमुळे पोते न फोडताच ठेवले जाते. दोन्ही प्रकारांत दप्तरात नोंद मात्र एकसारखीच होते. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि जलसुरक्षक यांना उपयोगी पडेल अशी काही माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा विचार आहे.

टी. सी. एल. ही 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' या नावाची आद्याक्षरे होत. विझवलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडला म्हणजे चुना तो शोषून घेतो आणि विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, तयार होते. ही भुकटी उष्ण हवेत लवकर बिघडते. म्हणून आपल्यासारख्या देशांसाठी तिच्यात अधिक चुना घालून ती टिकाऊ करतात. नावातील 'ट्रॉपिकल' या शब्दाचा अर्थ एवढाच. ताज्या भुकटीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. उरलेला भाग मुख्यतः चुन्याचा असतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

कापडापासून पाण्यापर्यंत

पाणी शुद्ध करण्यासाठी ही भुकटी कोणी शोधली नव्हती. १७७४ साली शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू प्रथम तयार केला. तो वनस्पतींचे रंग उडवितो हे ध्यानी आल्यावर कापड व्यवसायाचे लक्ष तिकडे वळले. त्या काळी युरोपात कोरे कापड शुभ्र करण्यासाठी आंबट ताकात भिजवून ते आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवावे लागे. वायू हाताळणे धोक्याचे होते. १७९९ मध्ये स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट याने तो चुन्यात बंदिस्त करून भुकटीच्या रूपाने विकण्याचे एकस्व मिळविले, आणि आठवड्यांचे काम थोडक्या दिवसांवर आले.

यापुढचा भाग मोठा मौजेचा आहे. रोग दुर्गंधीमुळे होतात अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती, आणि क्लोरीन दुर्गंधी घालवितो हे सर्वांना दिसत होते. म्हणून गटारे, शवागारे आणि रुग्णालये येथे ही भुकटी वापरली जाऊ लागली. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या वैद्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. प्रेताचा वास हातावरून जावा, एवढ्यासाठीच त्याने या द्रव्याची निवड केली होती. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंची कल्पना तेव्हा प्रचलित नव्हती, त्यामुळे त्याचे म्हणणे वरिष्ठांना पटले नाही. चुकीच्या तर्कातून अचूक औषध हाती लागल्याचे याहून ठळक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच सापडेल.

पाण्याचा आणि रोगाचा संबंध लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये दाखवून दिला. ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने माणसे मरत होती. मृतांची घरे नकाशावर मांडली असता ती एका सार्वजनिक हातपंपाभोवती दाटलेली आढळली, आणि स्नोच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू ओळखण्याचे कार्य रॉबर्ट कॉख याने १८८३–८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे केले. कलकत्त्यानजीकच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला तो जंतू मिळाला. त्याच तळ्यात लोक स्नान करीत, कपडे धूत आणि त्यातूनच पिण्यासाठी पाणी भरीत. आपल्याकडे याच रोगाला मरीआईचा कोप समजून गाववेशीबाहेर तिचा गाडा ओढण्याची चाल होती. कोप विहिरीतून येत होता हे कळण्यास एवढा काळ जावा लागला.

पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालण्याची प्रथा मात्र विसाव्या शतकातली. इंग्लंडमधील लिंकन येथे विषमज्वराच्या साथीनंतर १९०५ मध्ये ती सुरू झाली. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील या डॉक्टरने, गाजावाजा न करता, हीच चुन्याची भुकटी विरघळवून सोडण्यास आरंभ केला. प्रकरण न्यायालयात गेले. लोकांच्या पाण्यात 'विष' घालण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा सवाल करण्यात आला. अखेरीस न्यायालयाने पद्धत सुरक्षित असल्याचे मान्य केले आणि पुढील काही वर्षांत शेकडो शहरांनी तिचे अनुकरण केले. गावच्या सभेत टी. सी. एल.ला विरोध झाला तर ग्रामसेवकांनी खचून जाण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच वाद होऊन गेला आहे.

पाण्यात काय घडते

भुकटी पाण्यात विरघळली की त्यातील क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे खरे काम हे आम्ल करते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे ते जंतूच्या आवरणातून सहज आत शिरते आणि त्याच्या जीवनक्रियेस आवश्यक अशी द्रव्ये जाळून टाकते. पाणी फार अल्कधर्मी असेल, म्हणजे त्याचा सामू साडेआठच्या वर असेल, तर या आम्लाचे रूपांतर बहुतांशी अशा घटकात होते की ज्याची मारकशक्ती कितीतरी पटींनी कमी असते. म्हणून खारट-मचूळ, चुनखडीच्या जमिनीतील विहिरींना नेहमीची मात्रा अनेकदा अपुरी पडते.

परंतु क्लोरीन केवळ जंतूंच्याच मागे लागत नाही. पाण्यात कुजलेला पाला असेल, माती असेल, शेणामुतातून आलेला अमोनिया असेल किंवा लोह असेल, तर तो प्रथम त्यांच्यावर खर्च होतो. या खर्चाला पाण्याची 'क्लोरीनची मागणी' असे म्हणतात. ही मागणी पुरी झाल्यावर जे शिल्लक राहते, तो 'अवशिष्ट क्लोरीन'. घरखर्च भागल्यावर हाती उरणाऱ्या शिलकेशी त्याची तुलना करता येईल. भुकटी किती टाकली यावरून पाणी शुद्ध झाले की नाही हे ठरत नाही, शिल्लक किती राहिली यावरून ठरते. भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेथे तो ०.५ मिलिग्रॅम असावा. पाच घनमीटरच्या टाकीत, म्हणजे ५,००० लिटर पाण्यात, ही वरची शिल्लकदेखील केवळ अडीच ग्रॅम भरते.

भुकटी घातल्यावर किमान एक तास पाणी वापरू नये असे सांगण्यात येते, त्यालाही कारण आहे. पटकी, विषमज्वर यांचे जंतू तुलनेने लवकर मरतात. काविळीचे विषाणू अधिक चिवट असतात. मातीच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचण्यास क्लोरीनला वेळ लागतो. म्हणूनच गढूळ पाण्यात थेट टी. सी. एल. घालणे हा बराचसा अपव्यय ठरतो. आधी गाळ खाली बसला पाहिजे. घरगुती पाण्यासाठी हे काम तुरटी करते. ती पाण्यात विरघळल्यावर चिकट, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि मातीचे कण त्यांना चिकटून तळाशी जातात. आपल्या आज्या मडक्याच्या आतल्या बाजूस निवळीचे बी उगाळीत असत, तेही याच जातीचे तंत्र होय. सुश्रुतसंहितेत हे बी 'कतक' या नावाने आलेले आहे. मात्र निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी प्यायल्यानेच बहुतेक साथी आलेल्या आहेत.

मात्रेचे गणित

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. किती भुकटी घालावी, याचे उत्तर देण्याआधी विहिरीत पाणी किती आहे हे माहीत हवे. गोल विहिरीसाठी एक सोपी रीत आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणावे, आलेल्या संख्येस पाण्याच्या खोलीने गुणावे आणि त्यास ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल तर ४ × ४ × ५ × ७८५ म्हणजे ६२,८०० लिटर पाणी झाले. हीच विहीर मे महिन्यात २ मीटरवर आली की पाणी २५,१२० लिटर उरते आणि भाद्रपदात ९ मीटर भरली की १,१३,०४० लिटर होते. दख्खनच्या खडकातल्या विहिरी अशाच चढतात आणि उतरतात. वर्षभर एकच माप टाकणाऱ्या गावात उन्हाळ्यात पाण्याला उग्र वास येतो आणि ज्या पावसाळ्यात रोगराईचे भय अधिक, त्याच पावसाळ्यात मात्रा अपुरी पडते. शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित विहिरीवर नेऊन करून दाखविण्यासारखे आहे. दोरीला गाठी मारून खोली मोजता येते.

पाठ्यपुस्तकांतून हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली भुकटी, असे स्थूल प्रमाण दिलेले असते. वरील ६२,८०० लिटरच्या विहिरीस या हिशेबाने १५७ ग्रॅम भुकटी लागेल. परंतु हे प्रमाण स्वच्छ पाण्याचे आणि ताज्या भुकटीचे आहे. आपली विहीर आणि आपले पोते या दोन्हींविषयी तसे छातीठोकपणे सांगता येईलच असे नाही. यावर हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी हा फार चांगला उपाय आहे. तिच्या पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅम भुकटी मावेल असे चमचे, काचेच्या कांड्या आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते. काळ्या पेल्यात सपाट चमचाभर भुकटी घेऊन तिचा लगदा करावा आणि खुणेपर्यंत पाणी घालावे. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी भरून पहिल्यात या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे सहाव्यात सहा थेंब टाकावे व ढवळून अर्धा तास थांबावे. त्यानंतर प्रत्येक पेल्यात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब सोडले असता काही पेल्यांत निळा रंग येतो. ज्या पेल्यात तो प्रथम स्पष्ट दिसेल, तितके चमचे भुकटी ४५५ लिटर पाण्यास पुरते. ४५५ लिटर हा विचित्र आकडा जुन्या शंभर गॅलनांचा आहे.

समजा, दुसऱ्या पेल्यात निळा रंग आला. म्हणजे ४५५ लिटरला ४ ग्रॅम भुकटी लागेल, आणि आपल्या ६२,८०० लिटरच्या विहिरीस सुमारे ५५० ग्रॅम. स्थूल प्रमाणाने आलेल्या १५७ ग्रॅमच्या साडेतीनपट! या चाचणीची खुबी अशी की तिच्यात आपल्याच विहिरीचे पाणी आणि आपल्याच पोत्यातील भुकटी यांची गाठ घातलेली असते. पाणी किती मलिन आहे आणि भुकटी किती निकृष्ट झाली आहे, या दोन्हींचे उत्तर एकाच निळ्या रंगात मिळते. ही पेटी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवून पावसाळ्यापूर्वी आणि पहिल्या पावसानंतर अशी दोनदा तरी चाचणी घ्यावी.

भुकटी टाकण्याची रीत

काठावरून कोरडी भुकटी फेकणे ही सर्वांत चुकीची पद्धत आहे. भुकटी पृष्ठभागावर तरंगते, वाऱ्याने उडते, काही गोळे होऊन तळाशी जातात आणि क्लोरीन सर्व पाण्यात मिसळत नाही. योग्य पद्धत अशी. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी १०० ग्रॅमहून अधिक नाही इतकी भुकटी घ्यावी. थोड्या पाण्यात तिचा पातळ लगदा करावा, नंतर पाऊण बादली पाणी घालून लाकडी काठीने ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे. ही बादली दोरीने विहिरीत पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडावी आणि वर-खाली, आजूबाजूस हलवून द्रावण सर्वत्र मिसळू द्यावे. ५५० ग्रॅमसाठी सहा खेपा होतील. त्याला वेळ लागतो हे खरे, पण सहा खेपांना अर्ध्या तासाहून फार अधिक लागत नाही. हे काम रात्री, पाणी भरणे थांबल्यावर करावे, म्हणजे सकाळपर्यंत क्लोरीनला पुरेसा अवधी मिळतो. साथीच्या दिवसांत ते रोज केले पाहिजे.

तळाशी राहिलेला चुना विहिरीत ओतू नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. टी. सी. एल. घातल्यापासून डाळ शिजत नाही, अशी तक्रार ग्रामीण भागात ऐकू येते. ती नेहमीच निराधार नसते. क्लोरीनमुळे डाळ न शिजण्याचे कारण नाही, पण महिनोन्‌महिने चुन्याचा गाळ विहिरीत पडत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो आणि जड पाण्यात डाळ शिजण्यास वेळ लागतो. दोष औषधाचा नसून ते देण्याच्या रीतीचा आहे.

भुकटी हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी. शौचालय धुण्याचे आम्ल आणि ही भुकटी एकत्र येऊ देऊ नयेत, शेजारी साठवूही नयेत. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि हा तोच वायू की जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांविरुद्ध सोडण्यात आला होता.

पोत्यातील गळती

जेवढे लक्ष मात्रेकडे दिले जाते तेवढे साठवणीकडे दिले जात नाही. उष्णता, ओल, उजेड आणि हवा हे चारही टी. सी. एल.चे वैरी. पत्र्याच्या छपराखाली, तोंड उघडे असलेल्या पोत्यातील भुकटीतून क्लोरीन हळूहळू निघून जातो, आणि पांढरी भुकटी पांढरीच राहते! रूपावरून काहीच कळत नाही. ३३ टक्क्यांची भुकटी १६ टक्क्यांवर आली की तिचे मोल अर्धे झाले. पुढेपुढे उरतो तो नुसता चुना, आणि ग्रामपंचायत विहिरीत चुना टाकून निर्धास्त राहते. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत भुकटीचा नमुना पाठवून तीतील क्लोरीनचे प्रमाण तपासून घेण्याची सोय आहे. तिचा लाभ घेतला पाहिजे. वर्षाची भुकटी एकदम घेऊन ठेवण्यापेक्षा थोडी थोडी घेणे हितावह असते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, अंधाऱ्या व कोरड्या खोलीत ठेवावीत आणि फोडलेल्या पोत्यातील भुकटी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरावी. कुलूप, तिजोरी, पंपाचे सुटे भाग अशा लोखंडी वस्तू त्या खोलीत असल्यास त्या गंजतात. दप्तरही तेथे ठेवू नये.

शेवटच्या नळापर्यंत

आता पुष्कळ गावांत विहिरीवरून थेट पाणी भरण्याऐवजी ते उंच टाकीत चढवून नळाने घरोघर दिले जाते. यामुळे जबाबदारी कमी झाली असा समज होतो. वस्तुतः ती वाढली आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. ज्या वेळी नळाला पाणी नसते त्या वेळी जलवाहिनी रिकामी होत असते, आणि रिकामी होताना तिच्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब निर्माण होतो. वाहिनीला कोठे तडा गेला असेल, जोड सैल असेल किंवा झडपेच्या खड्ड्यात सांडपाणी तुंबले असेल, तर ते पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिल्या धारेबरोबर ते कोणाच्या तरी हंड्यात पडते. गावातील एकाच गल्लीत रुग्ण सापडतात आणि टाकीचे पाणी तपासले तर निर्दोष निघते, याचे रहस्य बहुधा तेथे असते. नळाला थेट विजेची मोटार लावून पाणी खेचणारे गृहस्थ या शोषणात भरच घालीत असतात.

अवशिष्ट क्लोरीन हवा तो यासाठीच. वाटेत शिरलेल्या थोड्या घाणीचा समाचार तो घेऊ शकतो. मोठी गळती असेल तर मात्र त्याचाही टिकाव लागत नाही. म्हणून चाचणी टाकीखाली न घेता वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर घ्यावी. ओ. टी. चाचणी अनेकांच्या परिचयाची आहे. ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाने पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे असे समजतात. त्यातील बारकावा असा की मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग जवळजवळ लगेच, दहा सेकंदांत येतो. पाच-दहा मिनिटांनी वाढलेला रंग अमोनियाशी संयोग पावलेल्या, दुबळ्या क्लोरीनचाही असतो. तो पाहून समाधान मानू नये. ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याच्या कारणावरून त्याच्याऐवजी गुलाबी रंग देणारी डी. पी. डी. चाचणी अनेक ठिकाणी स्वीकारण्यात आली आहे. जी उपलब्ध असेल ती करावी, पण चाचणीचे पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नये.

वास आणि शंका

पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून ते घातक आहे, अशी समजूत सर्रास आढळते. पुष्कळदा स्थिती उलट असते. उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास क्लोरीन व अमोनिया यांच्या संयुगांचा असतो. क्लोरीन अपुरा आणि घाण पुष्कळ असली म्हणजे ही संयुगे अधिक होतात. ज्यांना सौम्य वासही सहन होत नाही, त्यांनी पिण्यापूर्वी तेवढेच पाणी तासभर स्वच्छ, झाकलेल्या पण सैल झाकणाच्या भांड्यात ठेवावे. वास बराच कमी होतो. चहासाठी उकळल्यावर तर तो राहातच नाही.

एक शंका सुशिक्षितांकडून घेतली जाते, आणि ती टाळून जाणे योग्य नव्हे. कुजलेल्या पाल्यासारख्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात, हे १९७४ मध्ये उजेडात आले. दीर्घकाळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास ती अपायकारक ठरू शकतात. परंतु निर्जंतुकीकरण न करण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आणि ताबडतोबीचा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. यावरचा उपाय क्लोरीन थांबविणे हा नसून विहिरीत पाला पडू न देणे हा आहे. जाळी बसवावी, कठडा उंच करावा, झाडाच्या फांद्या छाटाव्यात.

याउलट, टी. सी. एल. सर्व काही करते अशीही कोणी कल्पना करून घेऊ नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही भागांत पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. त्यामुळे दातांवर डाग पडतात, हाडे वाकतात. टी. सी. एल. त्याला काहीही करीत नाही. खतांतून झिरपलेले नायट्रेटही तसेच राहते. आमांशाच्या जंतूंची कवचे नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी गाळणे किंवा उकळणे हाच मार्ग आहे.

नारूची गोष्ट या संदर्भात आठवते. पायातून हातभर लांब किडा बाहेर येणारा हा रोग जुन्या पिढीने पाहिलेला आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना रुग्णाचा पाय पाण्यात बुडे, किड्याची पिले पाण्यात सुटत आणि सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात वाढत. हा जीव साध्या दुपदरी फडक्यात अडकतो. पाणी गाळून पिणे, पायऱ्या बंद करून विहिरीस कठडा बांधणे आणि पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध घालणे या साध्या उपायांनी भारतातून हा रोग गेला. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. त्यावर लस निघाली नव्हती, औषधही नव्हते.

मळ्यातील विहीर आणि घरातील हंडा

ग्रामपंचायतीची विहीर सोडून मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या लहान विहिरींकडे कोणाचेच लक्ष नसते. अशा विहिरींसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, दुहेरी मडक्याची एक युक्ती सुचविली आहे. एकात एक बसणारी दोन मडकी घ्यावयाची. आतल्या मडक्याच्या वरच्या भागात आणि बाहेरच्याच्या तळाशेजारी एक सेंटिमीटरचे छिद्र पाडावयाचे. आतल्या मडक्यात एक किलो टी. सी. एल. आणि दोन किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण छिद्राच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरावयाचे. ते बाहेरच्या मडक्यात ठेवून तोंड प्लास्टिकच्या कागदाने बांधावयाचे, आणि जोडी दोरीने पाण्याखाली मीटरभर सोडावयाची. छिद्रांतून क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो. सुमारे ४,५०० लिटरच्या आणि रोज ४००–४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीस हे मडके दोन ते तीन आठवडे पुरते. गावच्या कुंभाराकडून ते करून घेता येते.

घरात आलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा ग्रामपंचायतीच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे, तथापि शिक्षकांच्या कक्षेतील निश्चित आहे. विहिरीवर शुद्ध केलेल्या पाण्यात घरी आल्यावर पेल्यासकट हात बुडतो, आणि हंड्यातील उरलासुरला क्लोरीन दुपारपर्यंत संपलेला असतो. हंड्यावर झाकण असावे व पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. ओगराळे हंड्यातच न सोडता शेजारच्या खुंटीला टांगावे. साथीच्या दिवसांत अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटर पाण्यास पुरते. ती चुरून घालावी, ढवळावे आणि अर्धा तास थांबून पाणी प्यावे. आरोग्य सेविकेने दिलेल्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या उघड्या वाटीत ठेवल्या असतील, तर पोत्यातील भुकटीप्रमाणे त्याही निकामी होतात. त्या बंद बाटलीत ठेवाव्यात.